गोदाघाटावर अन्न पुरेसे आहे. मग भजनी मंडळाने पुढे काय करावे?

सिडकोची_वारकरी

नमस्कार. आमचे सिडकोतील महिलांचे एक लहानसे भजनी मंडळ आहे. गेली चार वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंतच्या घाटावर मुक्काम करणाऱ्या लोकांना जेवण देतो. सुरुवातीला तीस-चाळीस पाने होत असत, आता दीडशेच्या आसपास होतात. भात, आमटी, एक भाजी आणि सणावाराला काहीतरी गोड असा आमचा बेत असतो. स्वयंपाक आम्ही आपापल्या घरी वाटून घेतो आणि एका सभासदाच्या यजमानांच्या टेम्पोतून पातेली नेतो.

गेल्या मार्गशीर्षातील शेवटच्या गुरुवारी जे पाहिले, त्यामुळे हा प्रश्न विचारते आहे. उद्यापनाचा दिवस असल्याने आमच्या आधी घाटावर तीन गाड्या येऊन गेल्या होत्या. एकीने पुरी-भाजी दिली होती, दुसरीने मसालेभात आणि तिसरीने बुंदीची पाकिटे. आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांच्या समोर झाकलेली द्रोण-पत्रावळी पडून होती आणि कुत्री त्यावर ताव मारत होती. निम्मा भात आम्ही परत आणला. त्याच रात्री एका वृद्ध गृहस्थांनी ताट हाताने बाजूला सारून मला सांगितले, ‘ताई, अन्नाला इथे तोटा नाही. माझी पिशवी गेली, तिच्यात आधार कार्ड होते आणि दवाखान्याचा कागद होता. तेवढे कुठून मिळते का बघा.’ मला उत्तर देता आले नाही. मी त्यांना बुंदीचे पाकीट दिले, याची आजही लाज वाटते.

तेव्हापासून मंडळात दोन गोष्टींवर चर्चा सुरू आहे. पहिली अशी, की जेवणाऐवजी किंवा जेवणाबरोबर दुसरी कोणती सेवा आम्हाला खरोखर झेपेल. आम्ही बारा जणी आहोत, त्यांपैकी सात जणी साठीच्या पुढच्या आहेत आणि आमच्याकडे स्वतःची जागा नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वाढण्यापूर्वी आम्ही वीस मिनिटे हरिपाठ म्हणतो आणि लोक तोवर रांगेत बसून राहतात. आमच्यातील सर्वांत तरुण सभासद म्हणाली, की भुकेल्या माणसाला ताटासाठी वीस मिनिटे थांबवणे ही भक्ती नव्हे. हे शब्द काही जणींना फार लागले. हरिपाठ वगळला तर आमच्यात आणि केटररमध्ये फरक काय उरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

निवारा_निवृत्त

ताई, मी महापालिकेच्या सेवेत असताना काही वर्षे बेघर निवारा केंद्राच्या कामाशी संबंधित होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अन्नाबाबत तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण ते फक्त गुरुवार, शनिवार, एकादशीच्या आदल्या-नंतरच्या दिवशी आणि अमावास्या-पौर्णिमेला लागू पडते. सोमवारी व मंगळवारी, विशेषतः सकाळी, त्याच घाटावर उपाशी माणसे असतात. तेव्हा अन्नदान बंद करण्यापूर्वी निदान वार तरी बदलून पाहा. दहा रुपये भरून शिवभोजन थाळी घेता येईल असे केंद्र जवळ असेल, तर माणसाच्या हातात रोख रक्कम न देता तिथे काही थाळ्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवण्याची व्यवस्थाही होऊ शकते. माणूस त्यामुळे स्वतःच्या पायाने जातो, बाकावर बसतो आणि जेवतो.

आता निवाऱ्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दिलेल्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडा असावा असे ठरले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक माणसामागे किमान ५० चौरस फूट जागा आणि एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे असे प्रमाण घालून दिले गेले. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, म्हणजे त्या हिशेबाने तेव्हाच चौदा-पंधरा निवारे हवे होते. शहर त्यानंतर किती पसरले, ते आपण सर्व जण पाहतोच.

तरीही मी प्रामाणिकपणे सांगतो, की असलेल्या निवाऱ्यातही खाटा रिकाम्या राहत आणि घाटावर माणसे झोपत. वरिष्ठांना याचे नेहमी आश्चर्य वाटे, मला पुढे वाटेनासे झाले. नवरा-बायको आले तर एकाला पुरुषांच्या दालनात आणि दुसरीला महिलांच्या दालनात जावे लागे, मग ते दोघेही परत जात. ज्याच्याजवळ भंगाराचे पोते असे, त्याला ते आत आणू दिले जात नसे आणि ते पोते म्हणजेच त्याची उद्याची कमाई असे. मजूर अड्ड्यावर पहाटे सहाला उभे राहावे लागते. निवारा तिथून पाच किलोमीटरवर असेल तर कोणी तिकडे झोपायला जाणार नाही. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षांच्या हंगामात येणारी कुटुंबे तर स्वतःला बेघर मानतच नाहीत. त्यांची घरे गावाकडे आहेत, इथे ती केवळ मोकळ्या प्लॉटवर प्लास्टिक बांधून चार महिने काढतात. शिवाय १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याची भीती सर्वांच्या मनात असते. त्या कायद्यात पहिल्या खेपेलाही एक ते तीन वर्षे स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे. त्यामुळे सरकारी गाडी दिसली, की भीक न मागणारासुद्धा उठून चालू लागतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्या शहरापुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी रद्द केल्या, पण आपल्या घाटावरच्या माणसाला ते कोण सांगणार?

इथे तुमच्यासारख्या मंडळाची खरी गरज आहे. तुम्ही पालिकेच्या नाही आणि पोलिसांच्याही नाही. कपाळी गंध आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या साठ वर्षांच्या बाईंना पाहून कोणी पळून जात नाही. तुम्ही माणसाला निवाऱ्यापर्यंत सोबत करू शकता, पहिल्या रात्रीची धास्ती घालवू शकता आणि तिथल्या व्यवस्थापकाला नावाने ओळखू शकता.

त्या वृद्ध गृहस्थांच्या आधार कार्डाबद्दल: पूर्वी नोंदणी झालेली असेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन जुना क्रमांक शोधता येतो, नव्याने काही करावे लागत नाही. त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतील तर डोळ्यांचा पर्याय असतो. ज्याची कधीच नोंदणी झालेली नाही, त्याच्यासाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचे असेल, तर पत्त्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी तो माणूस सांगतो त्या ठिकाणी रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का, हे एकाहून अधिक वेळा पाहतो. आमच्या वेळी एका आजोबांचा पत्ता एका मंदिराची पायरी असा लिहिला गेला होता आणि त्यांनी मतदानही केले.

शरणपूर_रोड

मी ख्रिस्ती आहे आणि आमच्या चर्चच्या सेवा मंडळात अनेक वर्षे काम करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी आम्हीही झगडलो आहोत, म्हणून त्यावरच लिहितो.

ज्या रस्त्याच्या नावाने मी इथे लिहितो, त्या शरणपूरचा इतिहास पुष्कळ नाशिककरांना ठाऊक नसतो. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी ही वसाहत वसवली. अनाथ मुले तिथे होतीच, पण अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी जहाजे ब्रिटिश नौदल पकडत असे आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलेही तिथे आणली जात. त्यांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम असे हाताला काम देणारे शिक्षण मिळे. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली माणसे होती. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीलाही उपस्थित होते. पुढे १८७५च्या सुमारास इथल्या अनेकांनी मोंबासाजवळच्या फ्रीरटाउन या नव्या वसाहतीत संसार थाटले.

हे सर्व मी अभिमानाने सांगतो, पण त्यातील एक बाजू लपवू इच्छित नाही. त्या मुलांना आसरा आणि धर्म एकाच ताटात वाढला गेला. जहाजातून उतरवलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला नको म्हणण्याची सोय नव्हती. त्यांतील पुष्कळ जण मनापासून श्रद्धावान झाले हेही खरे, पण कुणी विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. माझ्या मते अडचण प्रार्थनेत नाही. देणारा उभा आणि घेणारा बसलेला असताना घेणाऱ्याच्या होकाराला फारसा अर्थ राहत नाही, ही खरी अडचण आहे.

मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे उदाहरण पाहा. १८६५मध्ये लंडनच्या पूर्व भागात सुरू झालेली ही चळवळ १८८२मध्ये मुंबईत आली, आणि अहिल्यानगरचे त्यांचे बूथ हॉस्पिटल आपल्याकडच्या कित्येकांना माहीत आहे. उपाशी माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे तिचे संस्थापक विल्यम बूथ यांनी फार लवकर ओळखले आणि सूप, साबण व निवारा यांना आपल्या कामात मानाचे स्थान दिले. त्या क्रमात साबण होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. आंघोळ करून आलेल्या माणसाशी बोलणाऱ्याचाही सूर बदलतो.

आमच्या मंडळात आम्ही शेवटी असे ठरवले, की आधी जेवण, मग ज्यांना उठून जायचे त्यांना जाऊ द्यायचे, आणि त्यानंतर दहा पावलांवर वेगळे बसून प्रार्थना करायची. पहिल्या दिवशी आमच्याबरोबर कोणीही थांबले नाही. फादर थोडे खिन्न झाले. आता चार-पाच जण येऊन बसतात, त्यांत एक मुस्लिम रिक्षाचालक असतो. तो म्हणतो, की त्याला आमची शांतता आवडते.

रोखठोक_नाशिककर

मला वरचे मत पटत नाही. श्रद्धेची एवढी लाज बाळगायची असेल तर भजनी मंडळाने हे काम का करावे? गुरुद्वारात लंगरला बसताना डोके झाकावे लागते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वारात कित्येक प्रवासी जेवून पुढे जातात, त्यांना रुमाल बांधताना अपमान वाटल्याचे मी पाहिलेले नाही. वीस मिनिटांच्या हरिपाठाने कोणाचे काय बिघडते? घाटावरचे बहुतेक लोक तो तुमच्यापेक्षा चांगला म्हणत असतील.

जुने_नाशिक

रोखठोक साहेब, रुमाल बांधायला दोन क्षण लागतात आणि बांधणारा उपाशी थांबत नाही. शिवाय लंगरमध्ये शेटजी आणि हमाल एकाच पंगतीत, एकाच सतरंजीवर बसतात आणि जेवणारा उठून भांडी घासायलाही लागू शकतो. आपल्या वाटपात वाढणारे कधी त्या पंगतीत बसतात का, हे विचारून पाहा.

आम्हा मुस्लिमांकडे जकातीचा, म्हणजे बंधनकारक दानाचा हिशेब वेगळा आहे. बचतीच्या चाळिसाव्या हिश्श्यावर ठरावीक आठ प्रकारच्या लोकांचा हक्क असतो आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे, वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. तो हक्क आहे, उपकार नाही, असे आम्हाला लहानपणापासून शिकवले जाते. अर्थात शिकवले जाते आणि तसे वागले जाते, यात अंतर आहे, ते आमच्या मोहल्ल्यातही आहे. जकात साधारणपणे समाजातल्या गरजूंना जाते, पण सदका, म्हणजे स्वेच्छेचे दान, कोणालाही देता येतो. मोठ्या दर्ग्याच्या परिसरात उरुसाच्या दिवसांत जेवताना कोणी नाव विचारत नाही.

शिवाय हे सर्व पंचवटीत घडते आहे, याचे भान ठेवावे. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. इथे देवाच्या दारात माणसाला अट घालण्याची आठवण फार जुनी झालेली नाही.

पायरीवरचा

मी सहसा असे लिहीत नाही. एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून आलो तेव्हा सुमारे अकरा महिने मी गंगेवर काढले. गोदावरीला आम्ही तिथे गंगाच म्हणतो. आज माझे स्वतःचे गॅरेज आहे. वरच्या सर्व मंडळींनी देणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने काही सांगतो.

हरिपाठाचा मला राग नव्हता. खरे सांगायचे तर संध्याकाळी कोणीतरी एकत्र बसून काही म्हणते आहे, एवढ्यानेच बरे वाटे. मला राग होता तो फोटोचा. एका मंडळाने दिवाळीला आम्हाला चादरी दिल्या आणि प्रत्येकाला चादर हातात धरून उभे करून फोटो काढले. पंधरा दिवसांनी रविवार कारंजाजवळ लावलेल्या फलकावर मी स्वतःला पाहिले. माझी आई तेव्हा मला शोधत होती आणि नाशिकमध्ये आमचे नातेवाईक होते. सापडेन म्हणून नव्हे, तर असा दिसेन म्हणून मी त्या रात्री तिथून नाशिक रोडला पळालो आणि ती चादरही सोडून दिली.

अन्नापेक्षा मोठा प्रश्न सामानाचा असतो. ज्याला घर आहे, त्याला हे चटकन कळणार नाही. माझ्याजवळ एक पिशवी होती, तिच्यात दहावीची गुणपत्रिका आणि दोन कपडे होते. पिशवी सांभाळायची तर कामाला जाता येत नाही, कारण हॉटेलवाला पिशवी घेऊन आलेल्या मुलाला भांडी घासायलाही ठेवत नाही. कामाला जायचे तर पिशवी कुठे ठेवायची? चपला उशाखाली घेऊन झोपावे लागते, तरी जातात. स्वच्छतेची मोहीम निघाली, की पायरीवर ठेवलेली बोचकी कचऱ्याच्या गाडीत जातात. उचलणाऱ्याला तो कचराच दिसतो, त्यात त्याचा दोष नाही. तुमच्या आजोबांची पिशवीही बहुधा अशीच गेली असेल. सिंहस्थ जवळ येतो तसतशी घाटाची साफसफाई वाढते. २०२७ आता फार लांब नाही, त्यामुळे हे प्रकार वाढतील असा माझा अंदाज आहे.

पावसाळ्याचेही असेच आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की आम्ही नदीपात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहत असू. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, की वरच्या पायऱ्यांवर जायचे. कमरेला लागले, की बाजाराच्या बाजूला. शहरातले लोक छत्र्या घेऊन तोच मारुती पाहायला येत आणि मोबाइलवर पूर टिपत. आम्ही त्यांच्या मागे ओल्या अंथरुणासह उभे असू. त्या तीन-चार रात्री जेवण देणारी एकही गाडी येत नसे, कारण घाटावर जायला वाटच नसे. तुम्ही पावसाळ्यात नेमक्या त्याच रात्री आलात आणि कुठल्या तरी मंगल कार्यालयाची पडवी उघडून दिलीत, तर वर्षभराच्या गुरुवारांपेक्षा ते अधिक लक्षात राहील.

थंडीत ब्लँकेट सर्व जण देतात, एकेकाजवळ तीन-तीन होतात आणि मग ती विकली जातात. देणाऱ्यांना त्याचा राग येतो. मोजे मात्र कोणी देत नाही. पायांना भेगा पडलेला माणूस ब्लँकेटमध्येही झोपू शकत नाही.

कलम_आणि_कागद

वकिलीच्या व्यवसायात धर्मादाय कार्यालयात नेहमी जाणे-येणे असते, म्हणून थोडक्यात कायदेशीर बाजू सांगते. तुमचे मंडळ नोंदणीकृत नसेल आणि सभासदांबाहेरच्या लोकांकडून तुम्ही वर्गणी गोळा करत असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. नवा न्यास स्थापन करण्याची घाई मात्र करू नका. दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की करावयाचे अर्ज यांत तुमच्या साठीच्या सभासदांची शक्ती संपून जाईल. कामाशी जुळणारे उद्देश असलेल्या एखाद्या जुन्या, हिशेब नीट ठेवणाऱ्या न्यासाचा उपक्रम म्हणून काम करणे सोपे पडते.

त्याच अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. नाशिकमध्ये अशी रुग्णालये आहेत. पण घाटावरचा माणूस एकटा गेला, तर तो स्वागतकक्षाच्या पुढे जात नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका मागितली जाते आणि तो परत येतो. सोबत एखादी व्यक्ती असेल, तिला हे कलम माहीत असेल आणि ती रुग्णालयातील सामाजिक कार्यकर्त्याला भेटण्याचा आग्रह धरेल, तर चित्र बदलते. हे काम तुमच्या मंडळातील निवृत्त शिक्षिका उत्तम करू शकेल.

घाटावर मानसिक आजाराने भरकटलेले लोकही असतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. स्वतः ओढून गाडीत बसवू नका. पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. घर आठवेल इतके बरे झालेल्या माणसांना कुटुंबापर्यंत पोहोचवण्याचे काम कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था दीर्घकाळ करत आली आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पासष्टीच्या आतील निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि त्यावरील वयासाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा ही त्यातील खरी अडचण असते, म्हणून माणसाच्या मूळ गावाचे नाव आणि तिथली शाळा हे आधी विचारून लिहून घ्या.

सिडकोची_वारकरी

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे मी छापून रविवारच्या बैठकीत वाचून दाखवली. पायरीवरचा यांचे लेखन वाचताना आमच्यातील दोघींना पुढे वाचवेना, तिसरीने पूर्ण केले.

बैठकीत पूर्ण एकमत झाले नाही, हे आधी सांगते. हरिपाठ आता जेवणानंतर होईल, एवढे बहुमताने ठरले. एका ज्येष्ठ सभासदाने त्याला विरोध नोंदवला आणि मी तो वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे, की गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तन केले आणि धर्मशाळाही बांधल्या, दोन्हींत त्यांना कधी अडचण वाटली नाही. त्यावर तरुण सभासदाने बाबांची दशसूत्री काढली. भुकेल्यांना अन्न हे त्यातील पहिले सूत्र आहे आणि बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार ही त्याच यादीत पुढे आहेत. आपण चार वर्षे पहिल्याच ओळीवर थांबलो आहोत, असे ती म्हणाली. गाडगे महाराज पुलाशेजारी उभे राहून आम्ही वाढतो आणि हे आम्हाला सुचले नव्हते. ज्येष्ठ बाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी येणार आहेत.

जेवणाचा वार गुरुवारऐवजी मंगळवार केला आहे. वाढणाऱ्या बाराही जणी त्याच पंगतीत बसून जेवणार आहेत. गुडघ्यांमुळे दोघींना मांडी घालता येत नाही, त्या पायरीवर बसतील. फोटो काढायचा नाही, हे ठरवायला मात्र एक मिनिटही लागले नाही.

वृद्ध गृहस्थ गेल्या मंगळवारी पुन्हा भेटले. आमची एक सभासद त्यांना आधार केंद्रावर घेऊन गेली होती. उजव्या हाताचे ठसे जुळले नाहीत, डोळ्यांवर जुळले. त्यांचे गाव नांदगाव तालुक्यातले निघाले आणि वय आम्हाला वाटले होते त्यापेक्षा अकरा वर्षांनी कमी, म्हणजे एकोणसाठ. दवाखान्याच्या कागदाचे काम अजून बाकी आहे.

आता एक व्यवहारातली मदत हवी आहे. घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका वाड्याचे मालक तळमजल्यावरची एक खोली सकाळी सात ते रात्री आठ सामान ठेवण्यासाठी द्यायला तयार आहेत. भाडे नको म्हणतात, वीजबिल आम्ही भरावे. खोलीत कुलूप लावता येतील असे खण हवे आहेत. एखादी बंद पडलेली शाळा, कारखाना किंवा ग्रंथालय आपली जुनी लोखंडी कपाटे काढून टाकत असेल तर कळवावे. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणी हे वाचत असेल, तर कामगारांच्या कपाटांची रांग आम्हाला सर्वांत सोयीची पडेल. टेम्पो आमचा आहे. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र आमच्यात पुन्हा वाद सुरू आहे. माणसाच्या गळ्यात दोऱ्याने किल्ली बांधावी असे काही जणींचे मत आहे, आणि दोरा ओढून किल्ली पळवली जाईल असे उरलेल्यांचे. पायरीवरचा, तुम्हाला यातले काय योग्य वाटते?

पायरीवरचा

गळ्यात नको, दोरा दिसला की लोक ओढतात. आकड्यांचे कुलूप लावा, किल्लीच नको. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी नंबरच्या जागी रंगाचे ठिपके देता येतात, गॅरेजमध्ये मी पान्यांच्या खणांना तेच केले आहे. वीस कुलपे मी आणून देतो. मंगळवारी किती वाजता येऊ?

सिडकोची_वारकरी

साडेसहाला, पुलाच्या पंचवटीकडच्या बाजूला. जेवायला थांबा.